शेजारपण शिकवणाऱ्या शकुनताई

शकुनताई पटले यांची आणि माझी पहिली भेट राइस मिलमध्ये झाली. मी तिथे मिस्त्री. सरकारी दवाखान्यातून समुपदेशक म्हणून निवृत्त झालेल्या ताई परप्रांतातल्या मजुरांची विचारपूस करायला आल्या होत्या. तांदूळ चकाकवणारा पॉलिशर चालू होता, शब्द ऐकू येईना. त्यांनी यंत्र बंद करायला सांगितले नाही. वरच्या हॉपरमध्ये ओतलेला माल संपेपर्यंत पोत्यावर बसून राहिल्या. यंत्रकाम मला कोणी शिकवले नाही, मी ते कान लावून शिकलो. त्यामुळे ऐकून घेणारे माणूस मला लगेच कळते.

झारखंडहून आलेला आमचा बॉयलरवाला सुकरा तेव्हा बायकोला, फुलमणीला, गावी परत पाठवायला निघाला होता. इथे आल्यापासून ती बोलेनाशी झाली होती. जेवण सुटले, दाराबाहेर पडेना. मिलच्या क्वार्टरमधल्या बायकांनी, त्यात माझी पत्नीही आली, तिचे पाणी भरले, डबा दिला, भांडीसुद्धा घासली. कोणी अंगारा सुचवला.

"दीदी, टिकट निकाल लिया हूँ," सुकरा म्हणाला.

"तिले विचारलं का?" ताईंनी विचारले.

विचारले नव्हते. गावी तिचे आईवडील उरले नव्हते, आणि भाऊ ठेवून घ्यायला तयार नव्हता. जायचे का, असे ताईंनी क्वार्टरवर जाऊन विचारताच फुलमणीने नकारार्थी मान हलवली.

ताईंनी आधी तिला डॉक्टरांना दाखवले, औषध सुरू केले. नुसत्या बोलण्याने सगळे बरे होते, असा दावा त्या कधीच करत नाहीत. हे मुद्दाम नोंदवतो, कारण अशा गौरवग्रंथात गोष्टी फुगतात. मग त्यांनी बायकांना समोर बसवले.

"तुमी तिले पाहुणी करून ठेवलं. पाहुणा कवातरी जातेच ना?"

"मंग काय, उपाशी ठेवाचं?" माझी पत्नी तडकली.

"तिच्या दारी मांगाले जा. सूप मांग. लेकरू ठेव तिच्यापाशी."

"पण ताई, ते बाहेरची..."

"आमी पोवार बी पिढ्यांमागं माळव्यातूनच इथं आलो. मले काऊन नाही म्हणत बाहेरची?"

पत्नी गेली सूप मागायला. फुलमणीने ते झटकले, पुसले आणि हातात देताना विचारले, "कब लौटाओगी?" शेजारणीशी बोललेले तिचे ते पहिले वाक्य. पुढे कोणाचे लेकरू तिच्याकडे राहू लागले, कोणी पापड वाळवायला तिला हाक मारू लागले. सुकराने तिकीट रद्द केले.

काही महिन्यांनी ताई आमच्याकडे बसल्या असताना पत्नी पाण्याची घागर काखेत घेऊन नळावरून तणतणत आली.

"ताई, माह्या पाण्याचा गुंड सरकवून आपला लावला फुलमणीनं! भांडून राहिली माह्यासंग!"

"भांडली ना?" ताई हसल्या. "आता राहते ते."

आणि ती राहिली. ताईंना यंदा पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. गुडघे दुखतात, तरी नवे कुटुंब आले की त्या क्वार्टरमध्ये येतात. त्यांचे गुडघे साथ देवोत, प्रकृती निकोप राहो आणि शंभरीचा ग्रंथही आम्हालाच लिहायला मिळो, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. छपाईला देण्यापूर्वी हा मजकूर फुलमणीला वाचून दाखवला. तिने एकच दुरुस्ती सुचवली: त्या दिवशी नळाला गुंड आधी तिचाच लागला होता.