नऊ लहान की बावीस?

शारजा विमानतळाच्या दारातून बाहेर पडले आणि चष्म्यावर वाफ धरली. पुसून पाहिलं तर समोर दादा उभा, पोट सुटलेला आणि केस पिकलेले. मी कॉलेजात जायच्या आधीच तो इकडे नोकरीला आला. सुट्टीत यायचा, लग्नकार्यं उरकायचा, परत जायचा. त्यामुळे भेटलो की आम्हा दोघांना आधी एकमेकांचं वय पचवावं लागतं.

तो राहतो दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीत, कारण वहिनीची नोकरी तिथून जवळ. त्याचं ऑफिस मात्र शारजाकडच्या हमरिया फ्री झोनमध्ये, पार दुसऱ्या टोकाला. रोज एवढं अंतर कसं कापतोस विचारलं, तर म्हणाला, "सवय झाली गं. खलास, आता त्रासही होत नाही." ते ऐकून मलाच त्रास झाला.

जेवताना त्याची नजर माझ्या उजव्या मनगटाकडे जात होती. मागे स्कूटरवरून पडले तेव्हा आत धातूची पट्टी बसवावी लागली. त्याआधी कोल्हापुरात माझं आयुष्य पिस्तूल नेमबाजीभोवती फिरत होतं. आता हात बरा आहे, असं डॉक्टर म्हणतात. पण ओळखीच्या माणसांसमोर तो लटपटला तर, या धास्तीने मी रेंजकडे फिरकले नव्हते. परक्या गावात एकदा करून बघावं, असं फोनवर दादाला सहज बोलून गेले होते. त्याने ते लक्षात ठेवून शारजाबाहेरच्या एका शूटिंग क्लबमध्ये माझं नावही नोंदवलं होतं.

"तो विचारत होता, नऊ की बावीस," दादा म्हणाला. "मी म्हटलं, माझ्या बहिणीचा हात नाजूक आहे, नऊच द्या. बावीस कुठलं झेपायला तिला?"

घास हातातच राहिला. नऊ म्हणजे नऊ मिलिमीटरची गोळी. बावीस म्हणजे इंचाच्या शंभर भागांतले बावीस, म्हणजे नऊहून बरीच बारीक आणि धक्क्याला कितीतरी मऊ. दादाने साधे आकडे लावले होते. माझी सगळी नेमबाजी बावीसवर झाली, हे आमच्या गल्लीतल्या दूधवाल्यालाही ठाऊक आहे. दादाला ठाऊक नव्हतं, कारण ती सगळी वर्षं तो इथे होता. हसू यायला हवं होतं, पण गलबलून आलं. त्याचा उतरलेला चेहरा बघवला नसता, म्हणून नुसतं "बरं" म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी निघालो. वाटेत गाडीतच बसून करक (आटवलेल्या दुधाचा कडक चहा) घेतला. शहर मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना तांबूस वाळू आणि मधूनच एखादं घाफचं (आपल्या शमीच्या जातीचं) झाड. दादा एकेक झाड दाखवत होता, जणू त्यानेच लावलंय.

क्लबमधले उस्ताद उस्मानभाई मूळचे रावळपिंडीचे. त्यांनी माझं मनगट पाहिलं, मग नोंद पाहिली आणि भुवई उंचावली. काचेपलीकडे दादा उभा होता, म्हणून मी नऊलाच होकार दिला. पहिल्या गोळीला मनगटापासून कोपरापर्यंत कळ गेली. त्यानंतरच्या सगळ्या गोळ्या कागदाच्या तळाशी. पुढच्या वेळी चाप ओढला, तर नुसतं 'टक्' झालं. उस्मानभाईंनी गोळ्यांत एक खोटी सरकवली होती. धक्का नव्हताच, तरी माझा हात खाली गेला होता आणि डोळे मिटले होते. म्हणजे हाड सांधलं होतं, भीती तशीच होती. डोळ्यांत पाणी आलं. आता संपलं सगळं, असंच वाटलं.

"बाजी (ताई), ये नंबर किसने चुना?" त्यांनी विचारलं.

"बडे भाई ने. उन्हें लगा नौ छोटा है."

ते हसले नाहीत. त्यांनी पिस्तूल रिकामं केलं, खालचा मुठीचा भाग तसाच ठेवला आणि वर बावीसची नळी चढवली. "छोटा-बडा छोडिए. जिसमें आँख खुली रहे, वो आपका है."

मूठ तीच, वजन थोडं कमी. मी श्वास सोडला, चाप ओढला. मनगटाला जेमतेम टिचकी बसली. डोळे उघडेच होते आणि भोक पडलेलं मला दिसलं. मग दुसरं, मग तिसरं, सगळी एकमेकांना लागून. किती दिवस मी या आवाजासाठी झुरत होते, ते तेव्हा कळलं.

बाहेर आले तर दादा काचेला नाक लावून होता. उस्मानभाईंनी त्याला आकड्यांची गंमत सांगितली असावी, कारण तो ओशाळला होता.

"मी तुला कधी खेळताना बघितलंच नव्हतं गं," तो म्हणाला.

"आज बघितलंस की."

कागद मला कोल्हापूरला न्यायचा होता. पण दादाने तो छातीशी धरला होता, तेव्हा मागवेना.

परतीच्या विमानात मी उजवा हात सारखा नाकाशी नेत होते. बंदुकीच्या दारूचा वास केव्हाच गेला होता. घरी पोचले त्याच आठवड्यात रेंजवर गेले, सगळ्यांसमोर. पहिली गोळी भरकटली, तरी कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही.

त्या संध्याकाळी वहिनीने फोनवर फोटो धाडला. त्यांच्या फ्रिजवर माझा कागद लावलेला होता आणि त्यावर दादाच्या हिशेबी अक्षरात लिहिलं होतं: '२२ (लहान)'.