पडल्यावर उचलता येईल अशी गाडी

दोन शिक्षकांच्या शाळेत माणसं कमी, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला किस्से जास्त येतात. त्यात मी एक्केचाळिसाव्या वर्षी पहिली मोटारसायकल घ्यायला निघाले. मग काय विचारता!

आमची शाळा वेल्ह्याच्या वर, डोंगरातल्या वाडीत. एसटी फाट्यावर सोडते, पुढं तासभर चढण. माझ्या गुडघ्यांनी संपच पुकारला होता. गाडी जमली तर राहायचं, नाहीतर बदली मागायची. सगळ्या वाडीला हे ठाऊक होतं. मला मात्र जायचं नव्हतं.

*

भोरच्या शोरूममधला सेल्समन म्हणाला, "मॅडम, हिचा टॉप स्पीड बघा."

म्हटलं, "अहो, आमच्या रस्त्याला पुढं बैल असतो. तो साइड देईल तेवढाच स्पीड."

*

सोबत शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या शेवंताकाकी होत्या. त्यांना एकच काळजी, मागं तांदळाचं पोतं बसंल का? आता शोरूममध्ये पोतं कुठलं! काकींनी सेल्समनला खालीवर न्याहाळलं.

"तू पोत्याएवढाच हायस. बस मागं."

बसला बिचारा.

*

कापूरहोळचे गॅरेजवाले मिस्त्री वेगळेच. त्यांनी साडेतीनशे सीसीची गाडी गोणपाटावर आडवी केली. "उचला."

मी लई जोर लावला. ती हलली नाही. मग त्यांनी शंभर सीसीची एक जुनी आडवी केली. ती उठली. वर बसले तर दोन्ही पायही जमिनीला टेकले.

"हीच घ्या बाई. पडनार तर हायेच तुमी. तितं उचलाया कोन येनार?"

तीच घेतली.

*

शिकवायला आमचे मुख्याध्यापक. भाटघरजवळच्या माळावर ते मागं पळत ओरडायचे, "क्लच, बाई, क्लच!" चौथ्या दिवशी मी विचारलं, "सर, तुम्ही कुठली चालवता?"

"मी कुठं चालवतो? माझी थिअरी पक्की आहे."

त्या थिअरीवर मी लायसन्स काढलं.

*

मग एका सोमवारी फर्स्ट गिअरमध्ये चढण चढले आणि घंटेच्या आधी शाळेत पोचले. पोरं टाळ्या वाजवत धावली. काकींनी गाडीला ओवाळलं. खरं सांगते, मला रडू आलं. आता बदलीचं नाव काढायचं नाही, असं मी सरांना तिथंच सांगून टाकलं.

तिसरीतली स्वरा तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्यासमोर हात पसरून उभी राहिली.

"बाई, चावी द्या. शाळा सुटंस्तवर माज्यापाशी ऱ्हाऊ द्या."

"का गं?"

"आदीचं गुरुजी गाडी घेतल्यावरच गेलं."