एकाच रंगाचा पडदा

आमच्या सूनबाईला रिकाम्या हातानं बसलेलं मी आजवर एकदाच पाहिलं आहे, आणि तेव्हा तिच्या बोटात सुई घुसली म्हणून डॉक्टरांनी पट्टी बांधली होती. एरवी हातात टकळी. टकळी म्हणजे एक काडी आणि तिच्या खाली लाकडाची चकती. काडीला गिरकी द्यायची, ती अधांतरी फिरत राहते, आणि वरच्या हातातली पिंजलेली लोकर पीळ घेत घेत धागा होऊन खाली उतरते. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं, आणि तिथंच सगळं रामायण झालं.

पण आधी ती घरात कशी आली ते सांगतो. माझा मुलगा बस चालवतो. लग्नाआधी त्याच्या गाडीत मागच्या बाजूला एक मुलगी कातत उभी होती. बसायला जागा असून उभी, कारण बसून धागा लांब उतरत नाही. उतारावर तिच्या हातून टकळी सुटली आणि बाकांखालून घरंगळत थेट ह्याच्या पायापाशी आली. ह्यानं गाडी बाजूला घेतली. बघतो तर धागा शाबूत, गाडीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेला. ती म्हणाली, "तोडू नका, मी गुंडाळत येते." आणि खरंच गुंडाळत गुंडाळत पुढपर्यंत आली. संध्याकाळी पोरगा मला म्हणतो, "बाबा, त्या मुलीनं अख्ख्या गाडीला पाय वर घेऊन बसवलं, आणि एकही माणूस चिडला नाही." मी आमच्या हिला म्हटलं, आता तयारीला लाग.

सूनबाई कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायला जायची. शर्टाचा बाकीचा भाग तिनं कधी पाहिलाच नाही, नुसत्या कॉलरी. नवऱ्याला सुटी मिळाली की दोघं जोडीनं निघायची, ती मेंढपाळांकडे. एकदा दोन दिवसांचा प्रवास करून गेली ती कुठल्याशा डोंगरावरच्या एका काळ्या मेंढीला भेटायला. परत आली ती लोकरीची दोन गाठोडी घेऊन. तेव्हापासून आमच्याकडे पाहुणे आले की आधी चपला काढतात आणि मग शिंकतात.

मग तिला एक मोठं काम आलं. समुद्राकाठच्या एका शहरातल्या वाचनालयाला भिंतीवर लावायला पडदा हवा होता. सात हात रुंद आणि पुरुषभर उंच. कुणीतरी तिची एक शाल पाहिली होती, तिच्यावरून पत्र आलं. सूनबाईनं कारखान्यात तीन महिन्यांची रजा मागितली. मुकादम म्हणाला, तीन महिने जागा ठेवतो, पुढे नाही. त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "हे जमलं तर मी आयुष्यभर हेच करीन. नाही जमलं तर निमूट कॉलर शिवायला जाईन, आणि मग कुणी माझी समजूत काढायला यायचं नाही."

पडदा एकाच रंगाचा असणार होता. मेंढीचा तपकिरी रंग, ना नक्षी ना फूल.

आमची ही म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन कांबळंच टांगणार?"

"आई, लोक तिथे वाचायला येणार. भिंतीनं मध्ये मध्ये बोलू नये."

"मग ह्यांना तिकडे नेऊ नकोस."

तीस लडी सूत हवं होतं. एकटीच्यानं होईना, म्हणून सगळं घर कामाला जुंपलं. ही लोकर पिंजायला, सात वर्षांची नात लडी गुंडाळायला, आणि मी कातायला. पहिले आठ दिवस माझा धागा कुठं दोरखंडासारखा जाड तर कुठं कोळ्याच्या जाळ्यासारखा. पण मग हात बसला. सूनबाई धागा बोटांतून ओढून बघायची आणि म्हणायची, "बाबा, तुमचा तर माझ्याहून एकसारखा येतोय." मी ते शेजारी, दुधवाला, न्हावी, सगळ्यांना सांगून आलो. तीसपैकी नऊ लडी माझ्या.

एवढ्या रुंद पडद्याचा माग आमच्या घरात मावणारा नव्हता, म्हणून विणायचा तिथेच, असं ठरलं. सूनबाई, मी, शाळेला सुटी असलेली नात आणि पोतंभर सूत. पोरानं स्वतःच गाडी चालवत नेऊन सोडलं. वाचनालयाच्या मोठ्या खोलीत सुतारानं लाकडी माग उभा केला. उभे धागे बाजारचे, आडवे आमचे. ग्रंथपाल बाई इतक्या हळू बोलायच्या की मला त्यांच्या ओठांकडे बघावं लागे. दुसऱ्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "आजोबा, इथे हळू बोलतात."

"हळूच बोलतोय, बाई. गोष्टच मोठी आहे."

अकराव्या दिवशी पडदा छातीएवढा झाला. सकाळची वेळ, बाजूच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. सूनबाई बघायला म्हणून दहा पावलं मागे गेली आणि तिथेच थबकली. नात म्हणाली, "आई, पट्टे कधी काढलेस?"

पट्टे होते. एक गडद, एक फिकट, मध्येच दोन फिकट, कशाचा कशाला मेळ नाही. लोकर एका कळपाची, धुतली एका पाण्यात. सूनबाईनं पडद्याला नाक लावून पाहिलं, ओला हात फिरवून पाहिला. शेवटी शेजारच्या दोन पट्ट्यांतला एकेक धागा ओढला आणि दोन्ही एकाच दिशेनं उलगडायला घेतले. एक उलगडून मोकळा झाला. दुसरा आणखी आवळला.

"बाबा, जरा टकळी फिरवून दाखवा."

मी दाखवली.

"रोज ह्याच हातानं फिरवता?"

"मग काय पायानं फिरवू?"

आता माझी हकिगत अशी, की मी जन्माचा डावरा. गावच्या शाळेत मास्तरांनी छडीच्या जोरावर लिहिणं तेवढं उजव्या हातात आणलं, पण बाकी सगळा कारभार डाव्याकडेच राहिला. डाव्या हातानं गिरकी दिली की टकळी उलटी फिरते आणि पीळ उलटा बसतो. रंग तोच, जाडी तीच, पण उजेड त्याच्यावर दुसऱ्या अंगानं पडतो. घरी अंधाऱ्या माजघरात हे कुणाच्या लक्षात येणार? लडी सगळ्या एका पोत्यात मिसळलेल्या. चूक एवढीशी, आणि ती मी नऊ लडी केली.

मी टकळी पोत्याच्या तळाशी खुपसून ठेवली. माझा चेहरा बघून नातीनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

ग्रंथपाल बाई आल्या. पंधरा दिवसांवर उद्घाटन होतं. त्या म्हणाल्या, "राहू द्या की. छान दिसताहेत."

"छान आहेत," सूनबाई म्हणाली, "पण ते मी काढलेले नाहीत."

दुपारभर ती पडद्यासमोर फेऱ्या मारत होती. ह्या टोकाकडून त्या टोकाकडे, पुन्हा परत. जेवली नाही. मला वाटलं, आता कॉलरच. चारच्या सुमाराला ती थांबली आणि मला हाताला धरून उठवलं. "इथून बघा. तुमचा पट्टा गडद ना? आता माझ्याबरोबर चाला." चाललो. पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत माझे पट्टे फिके आणि तिचे गडद.

"उसवते," ती म्हणाली.

अकरा दिवसांचं काम आम्ही एका संध्याकाळीत उसवलं. वाचायला आलेल्या लोकांनी पुस्तकं मिटली. एक निवृत्त पोस्टमन दोन्ही हातांवर लड घेऊन तासभर उभे राहिले आणि सगळ्यांना सांगत राहिले, की टपाल वाटताना इतका वेळ कुठे उभं राहिलो नव्हतो. नातीनं डोळे मिटून नुसत्या बोटांनी उजवा पीळ एका टोपलीत, डावा दुसऱ्या टोपलीत, अशी वाटणी केली. एकही चूक नाही. पाण्यावर वाऱ्यानं उमटतात तशा लाटा सूनबाईनं कागदावर काढल्या. एक लाट उजव्या पिळाची, एक डाव्या.

हिशेबात माझं सूत कमी पडलं.

"बाबा, तुमच्या अजून सहा लडी लागतील. आणि खबरदार उजव्या हातानं कातलंत तर."

जादा पिंजलेली लोकर बरोबर होतीच. मी खिडकीपाशी बसलो. घरी फोन गेला, तेव्हा आमची ही म्हणाली, "चाळीस वर्षं तुम्ही प्रत्येक काम उलटंच करता असं मी ओरडतेय. आता त्याला मागणी आली म्हणे."

शेवटची ओळ भरली तेव्हा पाहुणे दारात होते. पडद्यावर अगदी समोरून दिवे लावले, त्यामुळे बसल्या जागेवरून लाटा दिसेनात. लोक समोर खुर्च्यांवर बसले आणि त्यांना दिसला एक तपकिरी पडदा. कुणीतरी म्हणालं, "साधं आहे, पण बरं आहे." सूनबाईचं तोंड एवढंसं झालं. मी समजावून सांगायला उठणार, तर तिनं माझं कोपर चिमटीत धरलं. "नाही बाबा. सांगावं लागलं तर काय उपयोग?"

तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या मावशी बादली घेऊन भिंतीकडेनं निघाल्या. अर्ध्यावर थांबल्या. चार पावलं मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या. मग बादली खाली ठेवून म्हणाल्या, "हे हलतंय."

पोस्टमन उठले. त्यांच्यामागे आणखी दोघं. बघता बघता सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि ती सगळी शहाणीसुरती माणसं भिंतीसमोर खेकड्यासारखी ह्या टोकाकडून त्या टोकाकडे चालायला लागली. ग्रंथपाल बाई तर एकमेकींना धडकणाऱ्या दोन बायकांना मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, डावीकडून चला." बाईंना एवढा आवाज आहे हे मला तेव्हा कळलं. सूनबाई हसायला लागली ती थांबेचना. बाईंनी जाता जाता मुलांच्या खोलीसाठीही एक पडदा सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्थानकावरूनच तिनं मुकादमाला फोन लावला. "साहेब, माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या."

"का हो? जमलं वाटतं?"

"जमलं. लोक चालायला लागले."

एवढं सांगून तिनं फोन ठेवला. मुकादम बिचारा विचारात पडला असणार, की ही बाई रजा घेऊन पडदा विणायला गेली होती की दवाखाना काढायला.