मनीषाला किल्ले आवडत नाहीत

हे मी कधी कुणाजवळ बोलले नाही. माहेरी नाही, सासरी नाही. देवापुढे बसले तरी हे सोडून बाकीचं सगळं सांगत आले. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आमच्या नात्यागोत्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मनीषाला किल्ले आवडत नाहीत. तिच्या बापाला किल्ल्यांचं, लेण्यांचं वेड, आणि पोरगी मात्र उंबऱ्याबाहेर पाय टाकायला तयार नसायची. लग्नकार्यात विषय निघाला की कुणीतरी हे सांगतं, बाकीचे हसतात. मीही मान हलवते. — पण असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगते.

चौऱ्याण्णव साली माझं लग्न झालं. मी शिनोलीची. एकदा ठरलेलं लग्न मोडलेलं, वय सव्विसाला पोचलेलं, त्यामुळे बिजवराचं स्थळ आलं तेव्हा घरात कुणी फार विचार केला नाही. हे मूळचे मढचे, नोकरीला जुन्नरला, एका कचेरीत कारकून. पहिली बायको काविळीनं गेली होती. मागे एक मुलगी, मनीषा. नऊ वर्षांची. बापाला ती आप्पा म्हणायची. मला 'मम्मी' म्हणायचं, हे तिला कुणीतरी आधीच पढवून ठेवलं होतं. 'आई' हा शब्द देऊन झाला होता ना.

माणूस वाईट नव्हता. आवाज चढवायचे नाहीत, जेवणाला नावं ठेवायचे नाहीत. रविवार उजाडला की स्कूटर पुसायची, डबा बांधायचा आणि निघायचं — शिवनेरी, हडसर, लेण्याद्री, कुठंही. दगडावर हात ठेवून उभे राहिले की त्यांचा चेहराच बदलायचा. कचेरीत दबून राहणारा माणूस तिथं मोकळा बोलायचा.

लग्नानंतर महिन्याभरातच आम्ही तिघं नाणेघाटाला गेलो. मनीषा पुढं पळत होती. तिला सगळं पाठ — टाकं कुठलं, लेख कुठला. निसरडं आलं की थांबायची, माझा हात धरायची. "मम्मी, हितं जपून. शेवाळ लई हाय." घाटातल्या लेण्यात शिरल्यावर तिनं भिंतीकडेची एक जागा फ्रॉकनं झाडली आणि म्हणाली, "आई हितंच बसायची. तुमी बी हितंच बसा."

आज मला कळतं, ती मला काय देत होती. पोरीजवळ जे सगळ्यात मोलाचं होतं ते तिनं झाडून, पुसून माझ्यापुढं ठेवलं होतं. पण तेव्हा मला काय ऐकू आलं? — की तू दुसरी आहेस. हे तिच्याकडे बघत होते, डोळे भरलेले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी तिथं बसले नाही. पाठ दुखते म्हणून बाहेर उन्हात जाऊन उभी राहिले.

पुढच्या रविवारी पहिलं खोटं बोलले. किती सोपं होतं ते. मनीषा नहाणीत केस धूत होती. यांनी विचारलं, "मनी तयार झाली का?" मी म्हणाले, "ती नाही म्हणते. कंटाळा आलाय तिला." यांनी स्कूटरची किल्ली उचलली. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग, नको जबरदस्ती." ती ओल्या केसांनी बाहेर आली, तिला मी म्हणाले, आज आम्हाला एका नातेवाइकांकडं जायचंय, तू भाभींकडं थांब. भाभी म्हणजे शेजारच्या कापडदुकानवाल्यांची बायको. मारवाडी, पण आमच्याइतकंच चांगलं मराठी बोलायच्या. पोरीवर त्यांचा जीव होता.

तिथंच थांबले असते तर? एखादा रविवार. कुठली सावत्र आई एखादा रविवार खोटं बोलली नसेल? पण दर रविवारी नवं कारण कुठून आणायचं? आणि हे कधीतरी तिला समोरासमोर विचारणारच होते. तेव्हा ती 'येते' म्हणाली असती आणि माझं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून मी — हे लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

एका दुपारी तिची वेणी घालत होते. माझ्या पोटात तेव्हा ओंकार होता, पाचवा महिना. मी मऊ आवाजात बोलले. मला तो आवाज अजून आठवतो. म्हणाले, "मने, तू आता शहाणी झालीस म्हणून सांगते. तू बरोबर असलीस की आप्पांना तुझ्या आईची आठवण येते. तुझं तोंड तिच्यासारखं आहे ना. घरी येऊन ते रडतात. तुला कळू देत नाहीत. तुला विचारतात ते फक्त तुला वाईट वाटू नये म्हणून."

वेणी पुरी होईतो ती हलली नाही. मग एवढंच विचारलं, "लई रडत्यात?"

मी हो म्हणाले.

घरी येऊन ते कधीच रडले नव्हते. तिला बघून त्यांना उलट बरं वाटायचं, आणि तेच तर मला सोसत नव्हतं.

त्याच आठवड्यात शनिवारी जेवताना यांनी तिला विचारलं, "येतीस का उद्या चावंडला? लई दिस झालं तू आली न्हाईस." मी भाकरी थापत होते, हात थांबला. मनीषा ताटाकडे बघत म्हणाली, "नको आप्पा. मला न्हाई आवडत तिकडं." अगदी सरळ आवाजात. दहा वर्षांची सुद्धा नव्हती ती. बापाला रडू येऊ नये म्हणून तिनं बापाला नको म्हटलं — आणि बापाला वाटलं, पोरीला आपण नको झालो.

दोन-तीनदा विचारून त्यांनी विचारणं सोडलं. मानी माणूस, आणि हळवा. मग ओंकार झाला. तो स्कूटरवर पुढं उभा राहायचा, मी मागं. भीमाशंकरला जाताना शिनोलीत माहेरी थांबायचो. तिथं विचारायचे, थोरली कुठाय? हेच सांगायचे, "तिला नाय आवडत हे." असं सांगून सांगून ते खरं झालं.

भाभींनी एकदा मला हटकलं होतं. म्हणाल्या, "वहिनी, पोरगी दिवसभर आमच्या ओट्यावर बसते. गाडीचा आवाज आला की उठून आत पळते. न्यायचं की तिला." मी म्हणाले, "ती येतच नाही हो." भाभींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. पण त्या परत कधी बोलल्या नाहीत.

आणि ती नुसती रविवारपुरती दूर झाली नाही. हे घरात आले की दुसऱ्या खोलीत जायची. समोर बसून जेवायची नाही. शाळेत नंबर आला तर निकाल टेबलावर ठेवायची, हातात द्यायची नाही. स्वतःचं तोंड लपवून राहायला शिकली पोरगी. हे म्हणायचे, "वयात आलीय, लाजते." रात्री पडल्या पडल्या कधी म्हणायचे, "माझ्या हातनं काय चुकलं असंल?" मी म्हणायचे, झोपा.

अकरावीला ती हॉस्टेलवर गेली, पुण्याला. तिथूनच पुढं नोकरी, लग्न, चाकणला संसार. सणाला यायची, एक रात्र राहायची. मला मात्र फोन करायची. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस रजा काढून माझं सगळं केलं तिनं.

गेल्या वर्षी सकाळी कचेरीत जाताना यांच्या छातीत दुखायला लागलं. नारायणगावला दवाखान्यात नेलं. मनीषा बारापर्यंत पोचली. आत एकाच माणसाला सोडत होते, आणि तो एक माणूस मी होते. ती बाहेर बाकड्यावर. मी बाहेर आले की उठून उभी राहायची. एकदा म्हणाली, "मम्मी, मी आत गेले तर त्यांना तरास व्हईल का?"

तेवीस वर्षांची बाई. शिकलेली, कमावती. आणि विचारत होती.

मला तिला तेव्हा सांगता आलं असतं. नुसतं 'जा' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला वाटलं, आत गेली, दोघं बोलले, हे म्हणाले 'तू कधी आलीच नाहीस', आणि ती म्हणाली — मग माझं काय? मी म्हणाले, "आत्ताच डोळा लागलाय. थांब जरा."

डोळा लागला नव्हता. ते जागे होते. मी परत आत गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "मनी आली का?"

मी म्हणाले, "येतीये. गाडीत आहे."

चारच्या सुमाराला ते गेले. दाराकडं तोंड करून.

गेल्या आठवड्यात वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी भांडी आवरत होतो. मनीषा एकदम म्हणाली, "मम्मी, एक सांगायचं राहिलंय. लहानपणी तुम्ही मला आप्पांचं ते सांगितलं, ते बरं केलंत. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. मी आपली त्यांच्या मागं मागं जाऊन त्यांना रडवत बसले असते."

तिच्या हातात ओलं पातेलं होतं. मी ते घेतलं, पुसलं, पालथं घातलं. म्हणाले, "हो."