घडी मोडायला दिलेली लुगडी

वडील रिटायर झाले त्या वर्षी आमच्या घरात दोन पक्ष पडले. एका पक्षात मी एकटी, दुसऱ्यात आई आणि तिच्या पेट्या. वडील नेहमीप्रमाणे पेपरच्या मागे. सरकारी क्वार्टर उन्हाळ्याआधी सोडायचं होतं आणि नागपूरच्या एका टोकाला आम्ही बांधलेल्या घरात दोनच खोल्या होत्या. सामान मात्र चार खोल्यांना पुरून उरेल एवढं.

आणि कसलं सामान! आईला दर संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणात मिळालेल्या साबणदाण्या, चहाच्या गाळण्या, प्लॅस्टिकचे डबे. ताईच्या लग्नात आहेरात आलेले लेमन सेट, ज्यांतले बहुतेक खोक्यातून कधी बाहेरच आले नव्हते, कारण आमच्याकडे सरबत स्टीलच्या ग्लासातच प्यायचे. ताजमहाल होता, त्यात दिवा लागायचा म्हणे. आमच्या हयातीत लागला नाही. मी तेव्हा कॉलेजात होते, आणि त्या वयात माणसाला रिकाम्या भिंतींची फार हौस असते. मी कंबर कसली.

वाणाच्या वस्तूंचा प्रश्न आईनेच सोडवला. क्वार्टरमधलं शेवटचं हळदीकुंकू दणक्यात करायचं आणि सगळ्या साबणदाण्या तिथेच लुटायच्या, असं तिने ठरवलं. फक्त जिने जी दिली तिला तीच परत जायला नको, एवढं लक्षात ठेवायचं. मी म्हटलं, गेली तरी कुणाला कळणार आहे? आई म्हणाली, "तुले नाई कळनार. बायकांना कळते."

खरं भांडण झालं ते हिरव्या पेटीवरून. त्या पेटीत लुगडी होती, नऊवारी, सुती, करवतीच्या दात्यांसारख्या नक्षीच्या किनारीची. सगळी आबाजींनी विणलेली. आबाजी म्हणजे आईचे वडील. उमरेडला त्यांच्या घरात माग होता आणि दर दिवाळीला ते आपल्या एकुलत्या एक मुलीसाठी एक लुगडं विणून पाठवायचे. पण आई शाळेत मास्तरीण झाल्यापासून पाचवारी नेसत होती. एक सोडलं तर बाकीची लुगडी आली तशी पेटीत जात होती, घडीसुद्धा न मोडता.

एके दिवशी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई टोपली घेऊन दारात बसली होती. वडिलांच्या पँटींवर घासाघीस चालली असताना मी आईला सहज म्हटलं, "ती लुगडीही दे ना. दूध तापवायला मोठा गंज येईल एखादा."

आई अशी उठली की भांडेवालीसुद्धा टोपली आवरू लागली. "माह्या बापाच्या हातचं कापड हाय ते! गंज पायजे तुले?"

"मग नेसत काहून नाहीस?"

यावर ती जास्तच चिडली. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मात्र तिने मला खरं काय ते सांगितलं. आबाजींनी विणकर सोसायटीचं काम केव्हाच सोडलं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मामा म्हणत होता, माग काढून टाकू, खोली मोकळी होईल. पण आबाजी ऐकत नव्हते. पोरीचं लुगडं कोण विणेल, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या एका लुगड्यासाठी ते सकाळी उठून मागावर बसत. आई उमरेडला जायची तेव्हा घरूनच लुगडं नेसून निघायची, दर वेळी तेच एक, आणि शाळेत मुलांना शिस्त लावणारी ही बाई परत आल्यावर चोरासारखी मागच्या खोलीत जाऊन पाचवारी नेसायची. "मी नेसत नाई हे त्यांले समजलं ना," आई म्हणाली, "तं त्यांचे हात थांबून जातीन. मंग काय करतीन ते दिवसभर?" तिचे डोळे भरले होते. मला माझ्या गंजाची लाज वाटली, पण पेटी कुठे ठेवायची हा प्रश्न तसाच राहिला.

तोडगा आईनेच काढला, आणि तो इतका तिचा होता की मला आजही हसू येतं. बापाने दिलेलं कापड कुणाला देऊन टाकणं म्हणजे बापाचा अपमान. पण नव्या कापडाची घडी मोडायला जवळच्या बाईला देणं, हा तर मान! आपल्यात नवी साडी आधी कुणा जिवाभावाच्या बाईने नेसावी म्हणून देतातच. आईने पेटी उघडली आणि ओळखीतल्या नऊवारी नेसणाऱ्या बायका आठवू लागली. शेजारच्या काकूंच्या सासूबाई, दूधवाली, शाळेतली शिपाईबाई. प्रत्येकीला म्हणायची, "तुमच्या हातानं घडी मोडा माह्या लुगड्याची." बायका हरखून न्यायच्या. धुऊन, घडी घालून परत आणायच्या तेव्हा आई ते हातातही घेत नसे. "आता तुमच्या अंगाचं झालं ते. राहू द्या." देऊन टाकलं असं कुठेच नाही. पेटी रिकामी होत गेली.

आईचं चुकलं एवढंच, की त्या बायकाही आईसारख्याच दुसऱ्याचं मन जपणाऱ्या होत्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी फाटक वाजलं आणि आबाजी उभे. हातात पिशवी, पिशवीत भिवापुरी मिरच्या आणि कागदात गुंडाळलेलं यंदाचं लुगडं. दिवाळीला पूर्ण झालं नव्हतं, डोळे साथ देत नव्हते म्हणून. कुणातरी गाववाल्याने त्यांना रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवायचं होतं. एरवी ते निरोप पाठवल्याशिवाय येत नसत. आई पाचवारीत होती. ती त्यांच्या पाया पडली आणि माझ्या कानाशी कुजबुजली, "त्यांले आतल्या खोलीत बसव." पण आबाजी व्हरांड्यात उन्हातच बसले. थंडीत ऊन सोडून आत कोण जाईल, म्हणाले.

मग बायका येऊ लागल्या. या घरातलं आईचं हे शेवटचं हळदीकुंकू म्हणून, तिला बरं वाटावं म्हणून, लुगडी मिळालेल्या सगळ्याजणी ठरवल्यासारख्या तीच नेसून आल्या. आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात उभी होती. पहिली करवती किनार फाटकातून आत येताना तिने पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

शेजारच्या आजी, काकूंच्या सासूबाई, पायरी चढताना आबाजींना रामराम करायला वाकल्या. त्यांचा पदर आबाजींच्या हाताला लागला. त्यांनी तो चिमटीत धरला आणि बोटं किनारीवरून फिरवली.

"कोठून घेतलं हे, माय?"

"तुमच्या लेकीचंच व्हय," आजी कौतुकाने म्हणाल्या. "मले घडी मोडाले देल्लं."

आबाजींनी पदर सोडला. मग दूधवाली आली, मग शिपाईबाई. प्रत्येक वेळी आबाजी मान पुढे काढून बघत होते. आईने बायकांना साबणदाण्या वाटल्या, तिळगूळ दिला, कुणाला काय गेलं याचं भान तिला नव्हतं. तीच गाळणी त्याच बाईला गेली असावी, कारण ती बाई फाटकापर्यंत गाळणीकडे बघत गेली. रात्री आबाजी दोन घास जेवून झोपले.

सकाळी ते आंघोळ करून पुन्हा व्हरांड्यात बसले. आईने चहा आणून दिला आणि तिथेच खांबाला टेकून उभी राहिली. तिला माफी मागायची होती हे मला आतूनही दिसत होतं, पण आबाजींनीच सुरुवात केली.

"जल्मभर विनलं म्या. कापड सोसायटीत जाये, तेथून बजारात. कोन नेसते, कोठं जाते, काई मालूम नाई पडे. काल पह्यल्यांदा पाह्यलं. चार-पाच बाया माहं लुगडं नेसून चालून राह्यल्या होत्या." ते थांबले. "चांगलं दिसत होतं वं."

आई रडू लागली. "बाबा, मी नेसतच नाई. लय वर्सं झाली. शाळेत पाचवारीच लागते मले. तुमाले सांगू नाई शकली."

आबाजींनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आईला ज्याची भीती होती ते आता होणार. मग ते म्हणाले, "तं सांगाचं होतं ना, बाई. चार वार कमी विनाचे होते मले. या डोयानं."

आई रडता रडता हसली आणि हसता हसता जास्तच रडली. मला अजूनही ठरवता येत नाही की त्या वाक्यात रागवणं किती होतं. इतकी वर्षं ती त्यांचं मन जपत होती, आणि ते बिचारे अधू डोळ्यांनी दरसाल चार वार जास्तीचे विणत होते.

त्यांनी पिशवीतून यंदाचं लुगडं काढलं. "कैची आन," मला म्हणाले.

"नका बाबा," आई म्हणाली. "अख्खं राहू द्या."

"अख्खं ठेवून काय केलं तुनं?"

ते मांडीवर कापड उलगडत गेले, पदराकडून हाताने मापत. डोळे जवळजवळ मिटलेलेच होते. पाच वार भरले तिथे त्यांनी बोट ठेवलं आणि कात्री चालवली. "जाय, नेसून ये. हेच नेसून डाक्टरकडे चाल माह्यासंगं."

आई आत गेली आणि नेसून आली. किनार एका जागी जरा तिरपी गेली होती, डोळ्यांमुळे असेल. ती समोर येऊन उभी राहिली तसे आबाजी म्हणाले, "उभी काहून राह्यली? चालून दाखव."

पन्नाशीला आलेली माझी आई अंगणातून फाटकापर्यंत गेली आणि परत आली.

"अजून एकदा," आबाजी म्हणाले.