भाचीनं दिलेली लिंक

दोन हजार चोवीस साल होतं आणि मी सत्तर वर्षांचा होतो. शाळा तिसरीतच सुटली, त्यामुळे एखादं वाक्य वाकडं गेलं तर जाऊ द्या, माझंच आहे ते. आमचं गाव राजेगावच्या अलीकडे. नदीवरचा पूल ओलांडला की महाराष्ट्र, अलीकडे सगळा कारभार हिंदीत, आणि आमचं अर्धं गणगोत पुलापलीकडे. मुलगा भरवेलीच्या खाणीत पाळीवर. तो आठवड्यातून एकदा घरी यायचा, तोही झोपायला. बाकी दिवस घरात मी, सून आणि नात.

सून गोंदियाकडची, कॉलेज शिकलेली. आमच्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, चिन्नोर तांदळाची तिनं वेबसाइट बनवली. चिन्नोर म्हणजे बारीक, वासाचा तांदूळ. एका घरी शिजला की शेजारी विचारतात, पाहुणे आले का म्हणून. तिनं सगळं लिहिलं, पेरणीपासून रांधण्यापर्यंत. मला म्हणाली, "बाबाजी, तुमचा फोटो टाकू का? पिकवणारा दिसला पायजे."

"मी का विकाऊ हाय?" मी म्हटलं. विषय संपला.

साइट झाली, पण कोणी फिरकेना. मोबाइलवर चिन्नोर म्हणून शोधलं की आमचं नाव इतकं मागं यायचं की तिथपर्यंत बोट सरकवत कोण येतो. पावसाळा गेला, धान निघालं, थंडी सरत आली. एका दुपारी सुपात तांदूळ पाखडता पाखडता ती म्हणाली, "नागपूरले एक काम भेटून राह्यलं, ऑफिसचं. होळीपर्यंत पाहातो बाबाजी. नाई जमलं तर पोरीले घेऊन जातो. पोरीच्या बाबाचं बी म्हणनं हेच हाय."

मी म्हटलं, "हौ. तुयी मर्जी."

नात ओसरीवर हिंदीत स्वतःशीच भांडत होती, एका हातात बाहुली, दुसऱ्या हातात माझी चप्पल. त्या दिवशी संध्याकाळी मी भात अर्धा ठेवून उठलो. जाऊ नको म्हणणं माझ्या तोंडात बसत नाही. बायको होती तेव्हा असली बोलणी ती करायची.

दुसऱ्या दिवशी मी सुनेला विचारलं, "पण लोक येत काहून नाई?"

तिनं मला समजेल असं सांगितलं. आपण आपली तारीफ केली तर ते शोधायचं यंत्र ऐकत नाही. दुसऱ्या कोणी आपल्या साइटवर आपलं नाव घेतलं, तिथून आपल्याकडे यायची वाट ठेवली, म्हणजे ते मानतं. त्या वाटेला लिंक म्हणतात. जितकी भली माणसं नाव घेतील तितके आपण पुढे.

"म्हणजे सोयरिकीसारखं," मी म्हटलं. "पोरीच्या बापाले कोणी नाई विचारत पोरगी कशी हाय. चार गावात चौकशी करतात."

"तसंच. एका माणसाचा फोन आलता, म्हणे हजार लिंका लावून देतो, पैसे द्या."

"भाड्यानं वऱ्हाडी आणन काय तो?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग म्हणाली की गोंदियात एक बाई आहे, आपल्याकडच्या रांधण्याबद्दल नेटवर लिहिते, खूप लोक वाचतात. तिनं एक लिंक दिली तरी फरक पडेल. चिठ्ठी दोनदा पाठवली, उत्तर नाही. नाव सांगितलं तेव्हा मी उडालोच. तिची माय आमच्या गावची. मी पाहिलेली, नदीवर धुणं न्यायची.

"म्हणजे भाची झाली आपली," मी म्हटलं. "मी जातो."

पिशवीत नवा चिन्नोर भरला, पाण्याची बाटली घेतली आणि बसनं गोंदियाला गेलो. पत्ता विचारत घर सापडलं. पन्नाशीची बाई, चष्मा कपाळावर. मी गावाचं नाव सांगितलं, तिच्या मायचं नाव सांगितलं आणि खाली वाकून तिच्या पाया पडलो. ती मागे सरकली.

"अवो मामा, हे काय?"

"भाचीच्या पाया पडावं लागते," मी म्हटलं. पिशवी तिच्या हातात दिली. तिनं पाणी आणलं, चहा ठेवायला निघाली. मी माझी बाटली काढून दाखवली. तिनं पेला खाली ठेवला. मग आम्ही तिच्या मायबद्दल बोललो. माय वारून किती वर्षं झाली, गावातली चिंच अजून आहे का, असं. निघताना तिचे डोळे भरले होते. मी परत आलो.

सून फाटकातच उभी. "लिंक देतो म्हणाल्या का?"

"मी नाई मागतली."

"काहून? त्याच्यासाठी तर गेलते तुमी."

आता हिला काय सांगायचं? गावची पोर दुसऱ्या गावी दिली की तिची लेक सगळ्या गावाची भाची. तिला द्यायचं असतं. तिच्याकडून घ्यायचं नसतं, पाणीसुद्धा नाही. माझ्या बापानं घेतलं नाही, मीही घेणार नाही. हे बसमध्ये बसताना मला ठाऊक होतंच. तरी वाटलं होतं, तिथं गेल्यावर काही सुचेल.

"भाचीजवळून घेत नाई आपण," मी म्हटलं.

सून आत गेली आणि नातीचे कपडे घड्या करत बसली. त्या घड्या मला दिसत होत्या.

थोड्या दिवसांनी ती मोबाइल घेऊन धावत आली. गोंदियाच्या बाईनं लिहिलं होतं. सुनेनं मोठ्यानं वाचलं: पूल ओलांडून एक मामा आले, माझ्या पाया पडले, माझ्या घरचं पाणी प्यायले नाहीत, त्यांचा तांदूळ शिजला तेव्हा माझी माय चुलीपाशी बसल्यासारखी वाटली. आणि खाली आमची लिंक, सुनेच्या चिठ्ठीतून घेतलेली.

"काढायले सांग," मी म्हटलं.

"बाबाजी."

"फोन लाव."

तिनं लावला. मी सांगितलं की हे देणं झालं, आम्हाला चालत नाही. पलीकडून भाची म्हणाली, "मामा, तांदूळ तुमी देला. मी रांधला, खाल्ला, चांगला लागला म्हणून सांगतलं. यात मी तुमाले काय देलं?"

"लिंक देली ना."

"तुमाले कुठं देली? वाचनाऱ्याईले देली. ते मले विचारून राह्यले, तांदूळ कुठचा. त्याईले काय सांगू? अन् भाचीनं जेवून मामाचं नाव बी घेऊ नोको काय?"

"पुढच्या साली जास्त आणीन," मी म्हटलं आणि फोन सुनेकडे दिला. ती तोंडाला पदर लावून हसत होती.

भाचीचं वाचून नागपूरच्या एका खानावळवाल्यानं आपल्या साइटवर आमचं नाव घेतलं, मग भंडाऱ्याच्या कोणी. कोणाला मागितलं नव्हतं. फोन यायला लागले. ओसरीवर खोके दिसू लागले, नात त्यांत बसून बस चालवायची.

होळीच्या आदल्या संध्याकाळी सुनेनं मोबाइल माझ्यापुढे धरला. चिन्नोर म्हणून शोधलं होतं. पहिल्याच पानावर, खालच्या बाजूला, आम्ही.

"नागपूरले नाई म्हणून सांगतलं," ती म्हणाली.

"काहून?"

"हे खोके कोण बांधन? तुमी?"

"मले नाई जमत," मी म्हटलं, आणि गाईला पाणी दाखवायला उठलो, कारण तिथं बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, धुतलेली टोपी घातली आणि बांधीत जाऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहिलो. सून मागून आली, काय झालं म्हणून.

"काढ फोटो," मी म्हटलं. "लवकर. ऊन डोळ्यावर येऊन राह्यलं."