चिमूटभर शिरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि शाळेतली जी खुर्ची सव्वीस वर्षं माझं ओझं सोसते आहे तिलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि खरं सांगायचं तर लपवायचा कंटाळा आलाय. लपवणं हेसुद्धा काम असतं हो. रोज उठून करावं लागतं.

मी पाटोद्याला एका शाळेत क्लार्क आहे. लोक भाऊसाहेब म्हणतात. उंची बेताची, वजन अठ्ठ्याण्णव किलो. शाळेचे कागद घेऊन आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, बीडला जावं लागतं. आणि पाटोद्याहून बीडला जाताना मध्ये मांजरसुंबा लागतं. आमच्याकडच्या माणसाला एवढ्यावरच सगळं कळेल. बाकीच्यांसाठी सांगतो — मांजरसुंब्याच्या फाट्यावर रबडी मिळते.

पण जाड माणूस चोरून रबडी खातो, एवढंच असतं तर तुमचा वेळ कशाला घेतला असता? त्यात नवल ते काय?

सात वर्षांपूर्वी शाळेचा जिना चढताना माझ्या छातीत कळ आली. घाम फुटला, तिसऱ्या पायरीवर खाली बसलो. बीडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, यावेळी वाचलात. वजन ऐंशीवर आणा, गोड बंद करा, पुढच्या वेळेचं मी सांगू शकत नाही. घरी आलो. विमलनं — माझ्या बायकोनं — हातपाय धुतले, देवघरात अंबाजोगाईच्या देवीच्या तसबिरीपुढं दिवा लावला आणि मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाली, "ह्यांचं वजन ऐंशीवर येस्तोवर मी गोड तोंडात घालणार न्हाई."

तुम्हाला विमलचं गोड माहीत नाही, म्हणून तुम्हाला हे साधं वाटेल. तिचं माहेर कड्याचं, वडील साखर कारखान्यात कामाला. ती म्हणायची, आमी साखरेच्या वासातच वाढलो. स्वयंपाकघरातून जाता-येता गुळाच्या ढेपेचा खडा तोंडात टाकल्याशिवाय तिचा दिवस जात नसे. आणि वजन? शेहेचाळीस किलो. देवानं वाटणी करताना काहीतरी गडबड केली असावी — गोड तिनं खायचं आणि अंगाला माझ्या लागायचं.

त्या दिवसापासून तिनं बंद केलं. होळीला पुरण करते, पण चाखत नाही. नुसता वास घेते आणि म्हणते, वासावरून कळतं की. मुलीच्या लग्नात विमलच्या पानातली जिलबी तशीच राहिली. नातवाच्या बारशाचा पेढा तिनं कपाळाला लावला आणि शेजारच्या पोरीच्या हातात दिला. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पहिले दोन महिने मीही खरंच काही खाल्लं नाही. चार किलो उतरलं. विमलनं मुलीला फोन करून सांगितलं, जसं काही मी परीक्षेत पहिला आलो होतो. तिसऱ्या महिन्यात बस फाट्यावर थांबली. एकच वाटी, म्हटलं. एकच वाटी असं म्हणून कोण कधी थांबलंय? मी तरी नाही.

मग पद्धतच पडून गेली. फाट्यावरच्या रशीदभाईंच्या हॉटेलात वाटी संपवायची, चूळ भरायची, बडीशेप चावायची, बसच्या काचेत बघून मिशीला साय नाही ना याची खात्री करायची. घरी वजनकाटा आहे. महिन्याच्या एक तारखेला मी त्यावर उभा राहतो. आकडा मला दिसत नाही — पोट आड येतं. म्हणून विमल खाली बसते आणि वाचते. पंच्याण्णव. शहाण्णव. "हाडंच जड हायेत तुमची," म्हणते आणि गुडघ्यावर हात ठेवून उठते.

चौथ्या वर्षी आम्ही दोघं बीडला चाललो होतो, मुलीच्या बाळंतपणाची खरेदी करायला. फाट्यावर बस पंक्चर झाली. विमल म्हणाली, चहा घेऊ. मी दुसरीकडं नेत होतो, पण ती सावली बघून रशीदभाईंच्याच हॉटेलात शिरली. आम्ही बसलो न बसलो तोच रशीदभाई गल्ल्यावरून उठले आणि वाटी माझ्यापुढं ठेवली. "भाऊसाहेब, आज साय लई जाड हाय."

मी काय केलं? अनोळखी माणसाकडं बघावं तसं त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणालो, "ही कुणाची? मी मागवली का?" ज्यांच्या पोराच्या दाखल्याचे कागद मी माझ्या हातानं करून दिले, त्या माणसाला. विमल हसून त्यांना सांगू लागली, "दादा, ह्यांना गोड बंद हाय. चार वर्षं झाली, बोटसुदिक लावत न्हाईत." किती अभिमानानं सांगत होती! रशीदभाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "माफ करा ताई. दुसऱ्या सायबाची व्हती, चुकून हिकडं आली." आणि वाटी उचलून आत घेऊन गेले. माझं खोटं त्या माणसानं स्वतःच्या अंगावर घेतलं.

बस पुन्हा सुरू झाल्यावर बराच वेळ विमल खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "वास किती छान व्हता, न्हाई?" मी म्हणालो, मला नाही आला.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा रशीदभाईंकडं गेलो. त्यांनी तो विषय काढला नाही. मीही नाही काढला. वाटी आली, मी खाल्ली.

तुम्हाला वाटेल, सांगायचं होतं ते हेच. नाही — अजून नाही. हे त्यातल्या त्यात सोपं होतं, म्हणून आधी सांगितलं.

त्यानंतरच्या वर्षी शेजारी सत्यनारायण होता. विमल प्रसाद हातात घेऊन कुणाशी तरी बोलत होती आणि बोलता बोलता सवयीनं हात तोंडाकडं गेला. चिमूटभर शिरा. लक्षात आल्याबरोबर तिनं बाहेर जाऊन थुंकून टाकला, चुळा भरल्या, पण थोडा पोटात गेलाच. घरी आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं, आणि दारातच मला सांगून मोकळी झाली. तिला काही लपवता येत नाही. मी हसलो. चिमूटभर शिऱ्यानं काय होतंय, म्हणालो.

त्या महिन्यात शाळेत तपासणीची गडबड होती. मी नऊ वेळा बीडला गेलो. नऊ वेळा जाताना आणि नऊ वेळा येताना.

एक तारखेला काट्यावर उभा राहिलो. विमल खाली बसली. बराच वेळ उठेना. "काय आलं?" मी विचारलं. दोन किलो वाढलं होतं. ती तशीच बसून राहिली, जमिनीकडं बघत, आणि म्हणाली, "माझ्यामुळं झालं."

मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. मी खातो. एवढेच दोन. समोर बसलेली माझी बायको, घरात तिसरं कुणी नाही — यापेक्षा सोपी वेळ माणसाला कधी मिळते का? मी काट्यावरून उतरलो. आणि म्हणालो — "जाऊ दे. इथून पुढं सांभाळ म्हणजे झालं."

मी तिला माफ केलं. हेच ते. एवढंच सांगायला इतका वेळ घेतला. तिचं काही चुकलेलं नसताना मी तिला माफ केलं, आणि तिनं ती माफी खाली मान घालून घेतली.

प्रायश्चित्त म्हणून तिनं त्या दिवसापासून बिनसाखरेचा चहाही सोडला. पुढच्या महिन्यात आम्ही अंबाजोगाईला गेलो, तर स्टँडपासून देवळापर्यंत ती भर उन्हात अनवाणी चालली. मी मागून चालत होतो, चपला घालून. तिच्या टाचा बघत.

यंदा ती फारच वाळली. सारखी तहान, चक्कर. त्याच डॉक्टरांकडं नेलं. रिपोर्ट बघून ते म्हणाले, शुगर आहे, आणि बरीच आहे. गोड पूर्ण बंद, कायमचं. विमलनं पदर सावरला. मग हळू आवाजात विचारलं, "डॉक्टर, सात वर्षं झाली, मी गोड खाल्लं न्हाई. मग ही कावून चढली? एकदा चिमूटभर शिरा तेवढा तोंडात गेलता. त्यानं तर न्हाई ना झालं?"

डॉक्टरांना हसू आलं. नाही हो बाई, म्हणाले, घराण्यात असतं, वडिलांना होती ना? मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. मग त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, आणि तुमचं काय? माझ्या आधी विमलच बोलली. "ते लई सांभाळतात."

म्हणजे आता मी खरं बोललो काय आणि माझं वजन ऐंशीवर आलं काय, तिला काहीच परत मिळणार नाही. नवस फिटला तरी ती ढेपेचा खडा तोंडात टाकू शकणार नाही. जी सात वर्षं ती खाऊ शकत होती, ती मी खाऊन टाकली. याला दुसरं नाव असेल तर मला माहीत नाही.

परत येताना बस फाट्यावर दहा मिनिटं थांबली. विमल खिडकीला डोकं टेकून झोपली होती, औषधांची पिशवी मांडीवर धरून. मी उतरलो. रशीदभाईंनी न विचारता वाटी पुढं केली. मी ती संपवली, तळाची साय बोटानं पुसून घेतली. चूळ भरली, बडीशेप चावली, काचेत मिशी बघितली आणि बसमध्ये चढलो.

मी बसायला लागलो तशी ती झोपेतच खिडकीकडं सरकली आणि मला जागा करून दिली. मला जरा जास्त लागते, हे तिला झोपेतही माहीत असतं.